धाकटीला दिलेलं नाणं

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तिच्या तळहातावर एक चांदीचं नाणं ठेवलं. तिला हळद लागली होती, घर पाहुण्यांनी भरलं होतं आणि मी लाडवांची परात घेऊन दारात उभी होते. नाणं लहानसं, अंगठ्याच्या नखाएवढं. त्यावर राजाचा चेहरा होता. अण्णा तिला म्हणाले, "नाक बघ. तुज्यासारखं सरळ हाय."

धाकटीनं नाणं उलटसुलट करून पाहिलं, हसली आणि हळदीच्या बोटांनीच मुठीत धरलं. मी परात खाली ठेवून विचारलं, हे कधी आणलंत? अण्णा म्हणाले, आणलं असंच. आणि मांडववाल्याशी बोलायला बाहेर निघून गेले.

असं नाणं त्यांच्याकडे आहे हे मला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या एखाद्या घरात याचं कुणाला काही वाटलं नसतं. पण आमच्याकडे नाणी हा अण्णांचा आणि माझा विषय होता. बाकी कुणाचाच नव्हता.

अण्णा होटगीला रेल्वेत होते. केबिनमध्ये उभं राहून गाड्यांसाठी रूळ बदलायचं त्यांचं काम. सुट्टी मिळाली की ते मला घेऊन सोलापूरच्या बाजारात यायचे. जुनी कुलपं, अडकित्ते, पितळी भांडी पोत्यावर मांडून बसणाऱ्यांकडे एखाद्या डबीत नाणी निघायची. अण्णा उकिडवे बसून एकेक नाणं बघायचे आणि त्यांचं बघून झालं की माझ्या हातात द्यायचे. धाकटीला एकदा आणलं होतं, ती उन्हात कंटाळून रडली. त्यानंतर तिला आईजवळच ठेवून आम्ही दोघं निघायचो, आणि ते मला फार आवडायचं. घरी आल्यावर क्वार्टरच्या पायरीवर बसून आम्ही नाणी साध्या पाण्यात भिजत घालायचो. चिंच लावायची नाही, घासायचं नाही. चिंचेनं नाणं लखलखतं आणि मरतं, असं ते म्हणायचे. त्यावरची ब्राह्मी अक्षरंही मला त्यांनीच शिकवली. क म्हणजे अधिकचं चिन्ह, ठ म्हणजे नुसतं वर्तुळ. शाळेत बाराखडी गिरवायच्या वयात मला दोन हजार वर्षांपूर्वीचा क काढता येत होता.

अण्णांचा आणखी एक कायदा होता. पहिल्या दिवशी नाणं घ्यायचं नाही. बघायचं, परत ठेवायचं, घरी यायचं आणि पुढच्या बाजारी भिंग घेऊन पुन्हा बघायचं. "पयल्या दिवशी डोळं बघत न्हाईत," ते म्हणायचे, "नुसतं मागत असत्यात." या कायद्यापायी किती चांगली नाणी दुसऱ्यांनी उचलली. अण्णांनी कधी हळहळ केली नाही.

आमच्या या मुलखावर सातवाहनांचं राज्य होतं. त्यांची तांब्याची आणि शिशाची नाणी पुष्कळ सापडतात. हत्ती, सिंह, झाड, डोंगर अशी चित्रं असलेली, झिजलेली, काळी. पण राजाचा चेहरा असलेलं त्यांचं चांदीचं नाणं क्वचित कुणाकडे असतं. अण्णांनी आणि मी ते फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं. बाजारातून परत येताना आम्ही त्याच्याबद्दल बोलायचो, म्हणजे लोक लॉटरीबद्दल बोलतात तसं. आणि तेच नाणं अण्णांनी मला न दाखवता आणलं, मला न दाखवता घरात ठेवलं आणि जिला क आणि ठ यांतला फरक माहीत नव्हता तिला देऊन टाकलं.

धाकटी लग्न होऊन सांगोल्याला गेली. डाळिंबाची बाग, शेळ्या, अंगणात सतत कुणीतरी जेवायला बसलेलं, असं घर. मी आधीच लग्न करून सोलापुरात आले होते आणि एका पतसंस्थेत नोकरीला होते. पुढं अण्णा गेले, तेव्हा त्यांची नाण्यांची ट्रंक माझ्याकडे आली. नातेवाईक म्हणाले, थोरलीला सगळं मिळालं. ते खोटं नव्हतं. तांबं मिळालं, शिसं मिळालं, भिंग मिळालं. मी त्यात भर घालत गेले. शाळांमधून बोलावणी यायला लागली, शहरातले नाणी जमवणारे लोक मला ओळखायला लागले. त्या सगळ्यांत बाई मी एकटीच. पण चार जण जमले की कुणीतरी विचारायचंच, चेहऱ्याचं चांदीचं आहे का हो तुमच्याकडे? मी नाही म्हणायची. माझ्या बहिणीकडे आहे, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

धाकटीनं ते देवघरात ठेवलं होतं. तिच्या घरच्या पहिल्याच दिवाळीला मी गेले होते, तेव्हा ती ते दातांच्या पावडरीनं घासत होती. राजाचा चेहरा आरशासारखा चमकत होता. मग तिनं त्याला हळदकुंकू वाहिलं आणि लक्ष्मीच्या पावलांशेजारी ठेवलं. मला ते बघवलं नाही. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, माझ्याकडे दे, मी नीट ठेवीन, तुझंच राहील. ती म्हणाली, "अण्णांनी मला दिलंय की गं." तिच्या बोलण्यात काही कुजकेपणा नव्हता. असता तर मला भांडता तरी आलं असतं. त्यानंतर मी दिवाळीला सांगोल्याला जायचं टाळायला लागले.

मला तिच्या नाण्याचा हेवा वाटायचा, आणि खरं सांगायचं तर नाकाचासुद्धा. माझं नाक अण्णांवर गेलंय, बसकं. लहानपणी लोक म्हणायचे, ही अगदी बापाची पोर. त्याचा मला अभिमान होता. मग एका वाक्यात अण्णांनी सांगून टाकलं की राजाचं नाक धाकटीचं आहे.

गेल्या दिवाळीला तिनं पूजेचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पणत्या, झेंडू, आणि ताम्हणात ते नाणं. तो फोटो कुणी कुणाला पाठवला माहीत नाही, पण थोड्याच दिवसांत तो शहरातल्या नाणेवाल्यांपर्यंत पोहोचला आणि मला फोन यायला लागले. माझ्या संग्रहाबद्दल नाही. तिच्या नंबरासाठी. एक गृहस्थ माझी शिशाची नाणी बघायला येतो म्हणून कित्येक वर्षं सांगत होते. आमच्या दोन घरांमध्ये चार गल्ल्या. ते स्वतःची गाडी काढून सांगोल्याला जाऊन आले आणि वर त्यांनी मला फोन करून सांगितलं की तुमची बहीण फार अगत्यशील आहे, जेवल्याशिवाय सोडलंच नाही.

हिवाळ्यात शहरात नाण्यांचं प्रदर्शन होतं. संयोजकांनी ठरवलं की हॉलच्या मधोमध काचेची एक पेटी ठेवायची आणि तीत फक्त ते नाणं. माझ्या नाण्यांचं टेबल दरवर्षी असतं तिथंच, भिंतीला लागून, पिण्याच्या पाण्याच्या जारशेजारी. संयोजकांनी मलाच विनंती केली की बहिणीला तुम्हीच समजावून घेऊन या. मी घेऊन आले.

ती आदल्या दिवशी दुपारी एसटीनं आली. एका हातात डाळिंबांची पिशवी, आणि पर्समध्ये कुंकवाचा करंडा. करंड्यात कापूस, कापसात नाणं. चहा झाल्यावर तिनं करंडा माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाली, बघ तुला बघायचंय तसं. मी गॅलरीत खुर्ची ओढली. ऊन तिरपं आलं होतं, नाणं बघायला तसंच ऊन लागतं. अण्णांचं भिंग काढलं. लग्नाच्या आदल्या दिवसापासून इतक्या वर्षांत ते नाणं पहिल्यांदाच माझ्या बोटांत आलं होतं.

आधी मी चेहरा पाहिला. मग मागची बाजू पाहिली. सातवाहनांच्या नाण्यावर चार वर्तुळं जोडलेल्या फुलीचं एक चिन्ह असतं, ते तिथं होतं. पण त्या चिन्हाच्या रेघांमध्ये वर्षानुवर्षांची हळद बसली होती, आणि त्या पिवळ्या रंगामुळं रेघांच्या कडा फार स्वच्छ दिसत होत्या. ठशातून उमटलेली रेघ झिजून गोल होते. ही धारेची होती. जमिनीत पडून राहिल्यानं नाण्याला जागोजागी बारीक खड्डे पडलेले होते, आणि फुलीची एक रेघ अशा एका खड्ड्यात उतरून पलीकडे वर चढली होती. ठसा मारला तेव्हा तो खड्डा नव्हता. मग त्याच्या तळाशी रेघ आली कुठून? म्हणजे नाणं आधी जुनं झालं होतं आणि रेघ नंतर कुणीतरी कोरली होती.

मी भिंग खाली ठेवलं. माझं मन इतकं भरभर उड्या मारत होतं की मला स्वतःवर विश्वास ठेवता येईना. इतकी वर्षं मला त्या नाण्यात काहीतरी खोट हवी होती. आता भिंगातून खोट दिसत होती. ती नाण्यात होती की माझ्या डोळ्यांत? मी आत जाऊन तोंड धुतलं, परत आले, पुन्हा पाहिलं. रेघ खड्ड्यात उतरतच होती. पण मी कुणाला सांगितलं असतं तर शहरातला प्रत्येक नाणेवाला म्हणाला असता, थोरलीला बघवलं नाही. त्यात त्यांचं काय चुकलं असतं?

धाकटी डाळिंब सोलत बसली होती. तिनं विचारलं, "काय दिसतंय?"

मी म्हटलं, उद्या पुण्याहून एक जाणकार येणार आहेत, त्यांनाच दाखवू.

"तू सांग की. तुज्यापेक्षा कुणाला कळतंय?"

"मला नाही सांगता येत," मी म्हटलं. ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रदर्शन उघडायच्या आधी, आम्ही दोघी त्या जाणकारांसमोर बसलो. वयस्क, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी नाणं एका छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि बराच वेळ मान वर केली नाही. मग त्यांनी संयोजकांना बाहेर जायला सांगितलं आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "चांदी जुनी आहे. नाणंही जुनंच आहे. पण हे सातवाहनांचं नाही. त्यांच्या शेजारच्या क्षत्रपांचं आहे."

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. क्षत्रपांची चेहऱ्याची चांदीची नाणी पुष्कळ मिळतात. त्यांतलं एखादं झिजलेलं घ्यायचं, बारीक कोरणीनं मागचं चिन्ह बदलायचं, चार अक्षरं नवी करायची, चेहरा उठावदार करायचा, की दुर्मीळ नाणं तयार. वजन करा, कस लावा, सगळं बरोबर येतं, कारण धातू खराच असतो. ओतीव नकली नाणं पकडणं त्यामानानं सोपं, असं ते म्हणाले.

धाकटीनं विचारलं, "नाकसुदा?"

"नाक तर सगळं नवीन आहे," ते म्हणाले. "जुनं पार झिजलेलं असणार."

मला किती हलकं वाटलं ते मी सांगू शकत नाही. माझा डोळा खोटा नव्हता. आणि त्याहून मोठं म्हणजे, इतकी वर्षं जे तिच्याकडे होतं ते कुणाकडेच नव्हतं. मला मोठ्यानं हसावंसं वाटत होतं. मी धाकटीच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात मायेचा दिसावा याची काळजी घेतली.

जाणकारांनी विचारलं, वडिलांनी हे कुठून घेतलं होतं? मी म्हणणार होते, माहीत नाही. धाकटी आधीच सांगायला लागली.

ती म्हणाली, लग्नाच्या आधी ती आणि अण्णा दोघंच ब्लाउज शिवायला टाकायला सोलापुरात आले होते. स्टेशनजवळच्या एका लॉजवर कुणी फिरता व्यापारी उतरला होता, त्याच्याकडे नाणी आहेत असं अण्णांना कळलं होतं. अण्णा तिला म्हणाले, जरा डोकावून येऊ. खोलीत पलंगावर रुमाल पसरून नाणी मांडली होती. "मीच म्हणलं, अण्णा, ह्यो राजा माज्यागत दिसतोय. अण्णा लई हसलं. आन् घिऊन टाकलं."

"त्याच दिवशी?" मी विचारलं.

"व्हय. लगीच."

"भिंगातून बघितलं नाही?"

"भिंग कुटलं? ब्लाउज टाकायला गेलतो नव्हं का आमी."

माझा हात तिच्या पाठीवरच होता, तो मी काढून घेतला. आमच्या अण्णांनी, ज्यांनी माझ्यासोबतच्या इतक्या बाजारांत एकदाही पहिल्या दिवशी नाणं घेतलं नाही, त्यांनी तिच्या एका वाक्यावर ते उचललं. ते फसले, आणि तिच्यासाठी फसले. माझ्यासाठी ते कधीच फसले नसते. मी शेजारी असते तर त्यांनी नाणं खाली ठेवलं असतं, घरी आले असते आणि रीतीप्रमाणे पुढच्या वेळी भिंग घेऊन गेले असते. नाणं खरं होतं तोवर मला फक्त नाण्याचा हेवा होता. आता खोटं निघालं आणि मला त्या दुपारचा हेवा वाटायला लागला.

संयोजक आत आले. त्यांना सगळं सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला, पण जाणकारांनी सुचवलं की पेटी रिकामी कशाला ठेवता, फेरफार केलेलं नाणं कसं असतं ते लोकांना दाखवा, त्याचा उपयोग जास्त. धाकटीची परवानगी विचारली. ती म्हणाली, दाखवा की, त्यात काय. मग प्रश्न आला की लोकांना समजावून कोण सांगणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

म्हणून प्रदर्शनभर मी माझ्या स्वतःच्या टेबलाकडे पाठ करून धाकटीच्या नाण्याशेजारी उभी राहिले. रेघ कुठं खड्ड्यात उतरते, अक्षरांभोवतीचा सपाट भाग कसा खरवडलेला आहे, नाक कसं नंतरचं आहे, हे येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. खऱ्यापेक्षा जास्त गर्दी खोट्याला झाली. कॉलेजची मुलं फोटो काढत होती. धाकटी मागं खुर्चीवर बसून ऐकत होती आणि मधूनच कुणाला तरी सांगत होती, ही माझी ताई, हिला सगळं कळतंय. तिला लाज वाटत नव्हती, वाईट वाटत नव्हतं. पाण्याच्या जारशेजारी माझं टेबल होतं. लोक पाणी पिताना माझ्या नाण्यांवरच्या काचेवर ग्लास टेकवत होते.

प्रदर्शन संपल्यावर मी तिला एसटी स्टँडवर सोडायला गेले. गाडीला वेळ होता. तिनं करंडा काढला आणि म्हणाली, "ताई, तुला पायजे तर ठिव. तुला शिकवायला तरी हुईल."

मी नको म्हटलं. मग न राहवून विचारलं, अण्णांनी मला का नाही दाखवलं गं?

तिला विचार करावा लागला नाही. "लॉजच्या जिन्यावरच म्हणले की. ताईला आत्ताच दावू नगं. ती भिंग घिऊन बसंल आन् कायतरी काढंल."

सांगोल्याची गाडी लागली. ती खिडकीत बसली. मी खाली उभी राहून तिला त्या दिवसाबद्दल आणखी विचारत राहिले. अण्णांनी काय घातलं होतं, लॉजमधून निघाल्यावर तुम्ही कुठं गेलात. ती म्हणाली, चहा प्यायलो, भजी खाल्ली, आणि अण्णांनी नाणं खिशातून पुन्हा पुन्हा काढून बघितलं. भजी कुठं खाल्ली, मी विचारलं. तिला आठवत नव्हतं. गाडी हलली.

घरी येऊन मी अण्णांची ट्रंक उघडली आणि त्यांनी माझ्यासोबत घेतलेली नाणी एकेक करून पाहिली. एकही खोटं नाही. सगळी तपासलेली, दोनदा बघितलेली. मी भिंग घेऊन त्यांत काहीतरी शोधत होते, आणि ते मिळत नव्हतं.

धाकटीला मात्र त्या प्रदर्शनानंतर नाण्यांचा नाद लागलाय. सांगोल्याच्या बाजारात काही दिसलं की फोटो काढून पाठवते आणि विचारते, खरं का खोटं? मी हातातलं काम टाकून उत्तर देते. परवा तिनं एक पितळी मोहर पाठवली. धनुष्य घेतलेला राजा, आणि कडेला सगळीकडून साच्याचा जोड दिसत होता. मी फोन करूनच सांगितलं, अगं, ही उघड उघड ओतीव आहे, कालपरवाची.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "घेतली पण. लई देखणी हाय."

मी विचारलं, कुणासोबत गेली होतीस बाजाराला? ती म्हणाली, नातीसोबत. नातीनंच दाखवली.